आंबोलीतील मातीची जंगलफेरी : एक अभिप्राय

आंबोलीला पावसाळ्यात येणारे बहुतेक जण धबधब्यापाशी भिजून परततात. म्हणूनच एका स्थानिक गटाने सप्टेंबरमध्ये ठेवलेली, केवळ पायाखालच्या जिवांसाठीची तीन तासांची फेरी मी मुद्दाम केली.

समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर उंचीवरच्या या गावात वर्षाला साधारण ७००० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि तो बहुतांशी जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच कोसळतो. एवढ्या पाण्याने खडकातले चुना आणि पालाश (पोटॅशियम) धुऊन जातात, मागे लोह व ॲल्युमिनियम साचून जांभा खडक तयार होतो, आणि उरलेले स्फुरद (फॉस्फरस) लोहाला इतके घट्ट धरून बसते की मुळांना ते सहजासहजी मिळत नाही. अशा जमिनीवर एवढे दाट रान उभे राहते कसे, हा प्रश्न मार्गदर्शक तरुणाने सुरुवातीलाच विचारला.

उत्तर त्याने एका जांभळाच्या बुंध्याशी बसून दाखवले. वरची ओली, अखंड पाने त्याने एकेक करून बाजूला ठेवली. त्यांखालच्या पानांची नुसती शिरांची जाळी उरली होती, त्या जाळ्या पांढऱ्या तंतूंनी एकमेकींना शिवल्यासारख्या जोडलेल्या होत्या, आणि त्याखाली जेमतेम वीतभर काळी, भुसभुशीत माती लागून लगेच तांबडा जांभा लागला. कुजणाऱ्या पानांतून सुटणारे अन्न तिथल्या तिथे उचलायला झाडाची बारीक मुळे खोल न जाता याच पाचोळ्यात वर चढून आली होती. दिसणारे तंतू पाने कुजवणाऱ्या बुरशीचे असून, मुळांत शिरून स्फुरद मिळवून देणारी बुरशी नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, हा फरक त्याने आवर्जून सांगितला, आणि त्या काटेकोरपणामुळे माझा त्याच्यावरचा विश्वास वाढला. उठण्यापूर्वी त्याने सगळी पाने होती त्याच क्रमाने परत रचली. देवगांडूळ, म्हणजे मातीत राहणारा, गांडुळासारखा दिसणारा बिनपायांचा उभयचर, दाखवण्यासाठी एकही दगड उलटला नाही, हेही मला फार आवडले.

तक्रार एकच, पण गंभीर आहे. दहा जणांचा गट असेल असे सांगून प्रत्यक्षात अठरा जणांना नेले गेले. मागच्यांना ऐकू आले नाही, ते राहोच, पण अरुंद पायवाटेवर मावत नसल्याने अनेकांचे पाय त्याच भुसभुशीत मातीवर पडत होते.

शिवाय ही फेरी फक्त पावसाळ्यातच होते. उरलेल्या कोरड्या महिन्यांत बुरशी मंदावते, गांडुळे खोल जातात आणि पाचोळ्याचे बरेचसे काम वाळवीकडे येते, कारण ती वारुळात ओलावा राखून स्वतःची बुरशी वाढवते. पावसाच्या सुरुवातीला वारुळांवर उगवणारी अळंबी त्याच बुरशीची. हे सारे आम्ही फक्त ऐकले. मार्चमधली फेरी सुरू झाली आणि गट खरोखर दहाचाच राहिला, तर मी पुन्हा नक्की पैसे भरीन.