काखेतला वास धुऊनही जात नाही: व्हिनेगर, सोडा की ऑक्सिजन ब्लीच?

दोरीवरून काढताना टीशर्ट एकदम फ्रेश असतो आणि घालून स्टेशनपर्यंत चालत गेलं की दहा मिनिटांत काखेतून तोच आंबट वास, मग माणूस पावडर बदलतो, सेंटवालं कंडिशनर आणतो, काही फरक नाही. आधी कपडा कुठला ते बघा. कॉटन सहसा साध्या धुण्यात सुटतं. खरा त्रास पॉलिस्टरचा, म्हणजे जिमचे ड्रायफिट, जर्सी, ऑफिसचे मिक्स शर्ट. पॉलिस्टर पाणी फारसं पीत नाही पण अंगाचं तेल मात्र धरून ठेवतं, त्या तेलावर बॅक्टेरिया जगतात आणि गार पाण्याच्या क्विक वॉशमध्ये ते तेल निघतच नाही.

व्हिनेगर सगळ्यात स्वस्त, किराणा दुकानात मिळतं. अर्ध्या बादली पाण्यात कपभर, अर्धा तास भिजवून मग नेहमीसारखं धुवायचं. वास नवा असेल, किंवा पावसाळ्यात नीट न वाळल्याचा कुबट वास असेल तर पुरतं. वर्षभर मुरलेल्या काखेला नाही पुरत, कारण ते तेल काढत नाही.

खाण्याचा सोडा माझ्या मते यात सगळ्यात कच्चा गडी. त्यात लोक तो व्हिनेगरमध्ये मिसळतात, छान फेस येतो, पण दोघं एकमेकांना मारतात आणि उरतं जवळजवळ नुसतं पाणी. सोडाच वापरायचा तर धुण्याचा घ्या, तो जास्त तिखट असतो, तेल सोडवतो, फक्त हातमोजे घाला.

मुरलेल्या वासाला माझं मत ऑक्सिजन ब्लीचला, म्हणजे सोडियम परकार्बोनेट, डाग काढायच्या बऱ्याच पावडरींत हेच असतं. पाण्यात पडलं की त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड आणि धुण्याचा सोडा दोन्ही सुटतात, म्हणून वास आणि तेल एकदमच निघतं. पण गार पाण्यात ते ढिम्म असतं, ४० अंशाच्या आसपास तरी पाणी हवं, लेबल झेपेल म्हणत असेल तर अजून गरम चालेल. कपडा उलटा करून काखेला लिक्विड डिटर्जंट चोळा, मग दोन-चार तास भिजत ठेवा. रंग आतल्या शिवणीवर तपासून बघा, आणि सिल्क-लोकर यात अजिबात नको. कालवलेलं पाणी बाटलीत बंद करून ठेवू नका, गॅस होऊन बाटली फुटू शकते. व्हिनेगरपेक्षा महाग पडतं हे खरं, पण रोज थोडीच लागतंय.

साधं क्लोरीनवालं ब्लीच फक्त पांढऱ्या कॉटनला. स्ट्रेचवाल्या कपड्यांचं इलॅस्टिक त्याने खराब होतं, आणि ते व्हिनेगरबरोबर कधीच नाही, विषारी क्लोरीन गॅस होतो. कंडिशनर जिमच्या कपड्यांना बंदच करा, त्याचा थर बसतो आणि वास आतच अडकतो.

हे सगळं करूनही घरातल्या सगळ्याच कपड्यांना वास येत असेल तर कपडे सोडा, मशीनचं रबर आणि पावडरचा ट्रे उघडून बघा. आणि एखादा टीशर्ट दोन वेळा भिजवूनही ऐकत नसेल तर टाकून द्या, पॉलिस्टरचं तर फडकंही धड होत नाही, पाणीच टिपत नाही.