स्टिकर २०१७चा, मशीन २०१३चं: जुना २९६०-एक्स नऊ महिने वापरल्यावर

सिस्कोच्या या जुन्या नेटवर्क स्विचबद्दल (सगळ्या केबल एकत्र जोडणारा डबा) माझी तक्रार नाही. हे आधीच सांगतो, नाहीतर "मग नवाच घ्यायचा होता की" हे ऐकावं लागतं. नव्याचं कोटेशन मी शेठना दाखवलं होतं. त्यांनी चष्मा वर सारून आकडा दोनदा वाचला आणि विचारलं, "यात कॅमेरे पण येतात का?" विषय तिथेच संपला.

वागळे इस्टेटमधल्या एका पॅकेजिंगच्या कारखान्याचं आयटी मी बघतो. बघतो म्हणजे प्रिंटरच्या टोनरपासून गेटवरच्या कॅमेऱ्यापर्यंत सगळं. दिवाळीनंतर नवी मुंबईतल्या एका जुन्या मालाच्या डीलरकडून सिस्को कॅटलिस्ट २९६०-एक्स घेतला, २४ पोर्टचा, पीओईवाला (म्हणजे नेटवर्कच्या केबलमधूनच कॅमेऱ्याला वीज देणारा), ३७० वॅटचा. साडेचौदा हजार अधिक जीएसटी, डीलरची एक वर्षाची वॉरंटी. बाकी स्पेसिफिकेशन सगळ्यांना पाठ आहेत, त्यात शिरत नाही.

डीलर फोनवर म्हणाला होता, "दादा, दोन हजार सतराचा पीस आहे, एकदम फ्रेश." बॉक्स उघडला तर खरंच स्वच्छ. मागच्या स्टिकरवर सिरियल नंबर एफओसी२१ ने सुरू होणारा. सिस्कोचा सिरियल वाचायला सोपा असतो. पहिली तीन अक्षरं कारखान्याची, पुढचे दोन आकडे वर्षाचे, त्यापुढचे दोन आठवड्याचे. वर्षाच्या आकड्यात १९९६ मिळवायचे. २१ अधिक १९९६ म्हणजे २०१७. डीलर खरं बोलला म्हणून मी खूश, शेठ खूश.

संध्याकाळी कन्सोल लावला, म्हणजे स्विचला थेट कमांड देण्यासाठी लॅपटॉप जोडला. २९६०-एक्सला नेहमीच्या कन्सोल पोर्टसोबत मिनी यूएसबीचाही कन्सोल आहे, आणि मिनी यूएसबी केबल माझ्या घरी जुन्या डिजिटल कॅमेऱ्याची पडून होती. कन्व्हर्टरचे साडेतीनशे वाचले. विंडोजवर ड्रायव्हर टाकावा लागला, मग पुटी हा कमांड टाइप करायचा प्रोग्राम उघडून ९६०० च्या स्पीडवर जोडलं. (आमच्या इलेक्ट्रिशियन मामांना वाटलं मी भिंतीला लावायची पुट्टी मागतोय.) पहिली कमांड अर्थातच शो व्हर्जन, स्विचची सगळी ओळख दाखवणारी.

स्क्रीनभर मजकूर आला. आयओएस १५.२ (आयफोनचं नव्हे, सिस्कोचं सॉफ्टवेअर), त्याच्या फाइलचं म्हणजे इमेजचं नाव, चालू होऊन झालेली मिनिटं, आणि तळाशी सिरियल नंबरांची रांग. मदरबोर्डचा एक, पॉवर सप्लायचा दुसरा, सिस्टीमचा तिसरा. तिन्ही वेगळे. माझ्या पोटात गोळा आला. नुकतंच मी बनावट २९६०-एक्सबद्दल वाचलं होतं. एफ-सिक्युअर या कंपनीने २०२० मध्ये त्यावर मोठा अहवाल काढला होता. कुठल्याशा कंपनीतले स्विच सॉफ्टवेअर अपडेटनंतर बंद पडले, उघडून बघितलं तर नकली. मूळ सॉफ्टवेअरची खातरी करून घेणारी जी तपासणी असते, तिला बगल देणारी चिप त्यांच्यात बसवलेली. छुपा दरवाजा काही सापडला नव्हता, पण नकली ते नकलीच. मला वाटलं, आपल्याही पदरात तसलंच पडलं.

तासाभराने डोकं शांत झालं तेव्हा कळलं की मदरबोर्ड आणि पॉवर सप्लायचे नंबर वेगळे असणं नॉर्मल आहे, ते भाग वेगवेगळ्या ठिकाणी बनतात. स्टिकरशी जुळायला हवा तो फक्त सिस्टीम सिरियल. शो इन्व्हेंटरी या कमांडमध्येही तोच येतो. तो बघितला. एफओसी१७ ने सुरू. १७ अधिक १९९६. २०१३. ही मालिका बाजारात आली तेच साल. म्हणजे माझ्याकडे पहिल्या लॉटमधला आजोबा, अंगात नातवाचा शर्ट.

नकली नव्हता. स्विचच्या फ्लॅश मेमरीतल्या इमेजवर व्हेरिफाय एमडी५ (फाइलचा ठसा काढणारी कमांड) चालवला, कंपनीच्या डाउनलोड पानावरच्या आकड्याशी तंतोतंत जुळला. एफ-सिक्युअरच्या अहवालानंतर एवढ्यावर पूर्ण निर्धास्त होता येत नाही हे मान्य, पण बोर्डावरची छपाई आणि स्क्रू झाकण काढून पाहिले, ओंगळ काही दिसलं नाही. अपडेट मात्र आजतागायत केलेलं नाही. सपोर्ट काँट्रॅक्ट नाही हे अधिकृत कारण. खरं कारण भीती. त्याऐवजी नो व्हीस्टॅक ही कमांड टाकून स्मार्ट इन्स्टॉल, म्हणजे लांबून स्विच सेट करायची सोय, बंद केलं. २०१८ मध्ये त्या फीचरमधून लोकांच्या स्विचमध्ये बाहेरचे घुसले होते. ते फीचर वापरतं तो नेटवर्क पोर्ट ४७८६ उघडा ठेवायचं आम्हाला काही कारण नव्हतं.

"पूर्ण रीसेट करून देतो" हे डीलरचं दुसरं वाक्य. राइट इरेज (सेटिंग पुसणारी कमांड) त्याने केलं होतं, पण व्हीएलएएनची, म्हणजे एकाच स्विचवर पाडलेल्या वेगवेगळ्या नेटवर्कची, माहिती वेगळ्या फाइलमध्ये, व्हीएलएएन डॉट डॅटमध्ये असते, आणि राइट इरेजने ती जात नाही. शो व्हीएलएएन ब्रीफ टाकलं तर समोर डायलर, क्वालिटी, ट्रेनिंग, पॅन्ट्री. कुठल्यातरी कॉल सेंटरच्या मजल्यावर या स्विचने उमेदीची वर्षं घालवली होती. पॅन्ट्रीला वेगळा व्हीएलएएन कोण देतं, हा प्रश्न मला अजून पडतो. फाइल डिलीट करून रीलोड केलं.

डीलरला फोन केला. "स्टिकर आणि आतला नंबर जुळत नाही." तो म्हणाला, "दादा, झाकण बदललं असेल सर्व्हिसला. चालतोय ना?" चालत होता. मी गप्प बसलो. साडेचौदा हजारांत २०१३चा महाग पडला हे कळत होतं, पण परत पाठवायचं भाडं, शेठसमोर कबुली, आणि कॅमेऱ्यांचं काम अर्धवट. बिलावर त्याने स्टिकरचाच नंबर लिहिला होता, तेही मी तसंच राहू दिलं. त्याची किंमत पुढे मोजली.

मधले पाच महिने मात्र मजेत गेले, आणि इथे एका गोष्टीचं कौतुक केलंच पाहिजे. टीडीआर, म्हणजे केबल कुठे तुटली ते स्विचनेच मोजून सांगायची सोय. फेब्रुवारीत मागच्या गेटचा कॅमेरा अधूनमधून जायला लागला. शो इंटरफेसेसमध्ये त्या पोर्टवर सीआरसी एरर (वाटेत बिघडलेला डेटा) रोज वाढत होते. केबलवाल्याचं म्हणणं, "पूर्ण वायर बदलावी लागेल, साठ-सत्तर मीटर." मी त्या पोर्टवर टेस्ट केबल-डायग्नॉस्टिक्स टीडीआर चालवलं, क्षणभर थांबून शो केलं. केबलमधल्या तारांच्या तीन जोड्या नॉर्मल, एक जोडी ओपन म्हणजे तुटलेली, अंतर एकतीस मीटर, थोडं इकडेतिकडे. मामांना घेऊन टेप मोजत गेलो. एकतीस मीटरवर डाय-कटिंग मशीनच्या मागे वायर उंदराने कुरतडलेली. एक जॉइंटर बसवला, चाळीस रुपयांत काम. ही सोय स्विचमध्ये असते हे मला अकरा वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. त्या दिवसापासून कारखान्यातल्या सगळ्या केबल मी टीडीआरने मोजल्या आहेत, गरज नसलेल्याही. शेठच्या केबिनची वायर चौदा मीटर आहे. फक्त चालू लिंकवर चालवू नका, क्षणभर लिंक पडते. मी शेठच्या मीटिंगमध्ये चालवलं होतं.

मे महिना. आमचा रॅक माळ्यावर आहे, वर पत्रा. दुपारी तिथे पापड वाळतील. एक दिवस सिस्टीमचा दिवा हिरव्याऐवजी केशरी. पंखा-तापमान दाखवणारी शो एन्व्ह ऑल कमांड टाकली. पंखा: फॉल्टी. तापमान रोज अडतीस-चाळीस असायचं, ते साठच्या वर, अवस्था ग्रीनवरून यलो. पंख्याला दोष देण्यात अर्थ नाही, बारा वर्षं फिरला बिचारा. दोष असलाच तर २०१७ सांगून २०१३ विकणाऱ्याचा. कॅमेऱ्यांचं फुटेज जाऊ नये म्हणून मामांनी पॅकिंग सेक्शनमधला टेबल फॅन आणून रॅकसमोर लावला. तापमान अर्ध्या तासात पन्नासवर आलं.

वॉरंटी चालू होती. डीलरला कळवलं. त्याने शो व्हर्जनचा स्क्रीनशॉट मागितला. पाठवला. उत्तर आलं: "दादा, हा नंबर आमच्या बिलावर नाही. हा पीस आमचा नाहीच."

मी ते वाक्य तीनदा वाचलं. ज्या स्टिकरच्या घोळावर मी गप्प बसलो, तोच स्टिकर पुढे करून हा माणूस मला सांगतोय की तुझ्याकडचा स्विच दुसऱ्या कोणाचा आहे. त्याच्या बिलावर लिहिलेला स्विच माझ्याकडे आहे फक्त झाकणापुरता. कागदोपत्री त्याचं बरोबर. मी फोनवर आवाज चढवला, त्याने "रेंज नाहीये" म्हणून ठेवून दिला.

रात्री घरी जुने मेसेज चाळत होतो. पैसे देण्याआधी त्याने टेस्टिंगचा चाळीस सेकंदांचा व्हिडिओ पाठवला होता. त्याच्या गाळ्यातलं टेबल, माझा स्विच, दिवे लुकलुकतायत, पाठीमागे रेडिओवर गाणं, आणि कॅमेरा लॅपटॉपकडे वळतो. शो व्हर्जन वर सरकतंय. मी थांबवत थांबवत पुढे नेला. एकोणतिसाव्या सेकंदाला सिस्टीम सिरियल नंबर पूर्ण दिसला. एफओसी१७, पुढचे आकडे माझेच. कोपऱ्यात त्याच्या दुकानाच्या नावाचं कॅलेंडर, नोव्हेंबरचं पान.

स्क्रीनशॉट पाठवला, खाली एक शब्दही लिहिला नाही. दोन दिवस नुसत्या निळ्या टिक. तिसऱ्या दिवशी फोन. "साहेब, पाठवून द्या, करून देतो." दादाचा साहेब झाला होता.

ते आठ दिवस कसे काढले ते विचारू नका. ड्रॉवरमधले ॲडॉप्टर शोधून कॅमेऱ्यांना लावले, दोन कमी पडले, मागचं गेट अंधारात. स्विच परत आल्यावर प्लग लावला आणि पंख्याचा आवाज ऐकण्याआधी सिरियल बघितला. तोच बोर्ड. पंखा वेगळ्या कंपनीचा बसवलाय, जरा घरघरतो, पण शो एन्व्ह ओके म्हणतं आणि भर दुपारी बेचाळीसच्या वर जात नाही. आता ऑगस्ट आहे, पुढच्या मेमध्ये खरं कळेल.

घ्यावा का? पीओई मोजूनमापून लागत असेल तर हो. आमचे अकरा कॅमेरे आणि तीन वायफायचे ॲक्सेस पॉइंट मिळून शो पॉवर इनलाइन या कमांडमध्ये शंभर वॅटच्या आतबाहेर असतात, तेव्हा त्या बाबतीत श्रीमंती आहे. पण पैसे देण्याआधी शो व्हर्जन आणि मागचा स्टिकर एकाच फ्रेममध्ये दिसेल असा व्हिडिओ मागा, आणि बिलावर आतला नंबर लिहून घ्या. अपटाइम (किती वेळ चालू आहे तो आकडा) बघून भुलू नका, तो स्विच शेवटचा सुरू किंवा रीलोड झाल्यापासूनचा असतो. वय सिरियलमध्येच कळतं. माझ्या मते २०१३चा पीस दहा हजारांच्या वर घेऊ नये.

स्टिकरवर मी पांढरी टेप चिकटवून मार्करने खरा नंबर लिहिलाय. स्विच पाठवायचं कुरिअर ३८० रुपये लागलं, डीलर म्हणाला ते ग्राहकाकडे. व्हाउचर अजून शेठच्या टेबलावर आहे. काल विचारलं तर म्हणाले, "उंदराच्या वेळी वाचवलेस ना, त्यातून काप."