डावीकडे मान वळली की दृश्य थिजते: तीन एलईडींच्या हेड ट्रॅकरचा आठ महिन्यांचा अनुभव

विमानाच्या सिम्युलेटरमध्ये उतरण्याआधीचे शेवटचे वळण घेताना धावपट्टी समोरच्या काचेत नसते. ती डाव्या खांद्याच्या किंचित मागे असते आणि तिच्यावरची नजर दोन-तीन सेकंद हटली तरी वळण चुकते. जॉयस्टिकवरच्या छोट्या बटणाने दृश्य फिरवायचे तर अंगठा त्यातच गुंततो. या एका वळणासाठी मी आठ महिन्यांपूर्वी इन्फ्रारेड पद्धतीचा हेड ट्रॅकर, म्हणजे मान वळेल तसे पडद्यावरचे दृश्य फिरवणारे साधन, घेतला. मॉनिटरवर बसणारा लहान कॅमेरा, हेडफोनच्या डाव्या बाजूला अडकवायची तीन एलईडींची क्लिप आणि सोबतचे सॉफ्टवेअर, एवढाच हा संच आहे. तीन एलईडींमधील अंतरे सॉफ्टवेअरला आधीच माहीत असतात. कॅमेऱ्याला दिसणाऱ्या तीन ठिपक्यांच्या जागांवरून ते डोके कोणत्या दिशेला किती वळले, किती कलले आणि पुढे-मागे किती सरकले, हे सहाही प्रकारांत (तीन तऱ्हांनी वळणे आणि तीन दिशांना सरकणे) काढते. सगळे नीट चालते तेव्हा आपण यंत्र वापरत आहोत हेच विसरायला होते, आणि हे मी मनापासून लिहितो आहे. पण सगळे नीट चालायला मला बराच काळ लागला, म्हणून या परीक्षणाचा मोठा भाग बिघाड शोधण्याचाच आहे.

पहिली तक्रार दृश्य उडण्याची होती. समोर पाहत असतानाच अचानक कॉकपिटचे छत दिसायचे आणि क्षणात दृश्य परत जागेवर यायचे. माहितीपुस्तिकेत यावर सॉफ्टवेअर पुन्हा इन्स्टॉल करण्याचा एकच उपाय दिला आहे आणि तो मी दोनदा करून पाहिला. खरा उलगडा झाला तो सॉफ्टवेअरमधील कॅमेरा-दृश्याची खिडकी उघडून ठेवल्यावर. काळ्या पार्श्वभूमीवर तीन पांढरे ठिपके दिसायला हवे होते. मला चार दिसत होते. चौथा ठिपका हेडफोनच्या बिजागरीवरच्या चकचकीत धातूचा होता. माझ्या पाठीमागच्या खिडकीतून कलते ऊन येऊ लागले की कॅमेऱ्यात एक मोठा धूसर डाग उमटायचा, तो वेगळाच. कोणते तीन ठिपके खरे, हे सॉफ्टवेअरला कळेनासे झाले की त्याचे गणित भलत्याच उत्तरावर जाते आणि मान जागेवर असूनही दृश्य उडते. बिजागरीवर काळी मॅट चिकटपट्टी लावली, खिडकीला जाड पडदा लावला आणि कॅमेऱ्याचे एक्स्पोजर (प्रत्येक चित्रासाठी प्रकाश टिपण्याचा वेळ) इतके कमी केले की खोलीतले बाकी काहीच दिसू नये, तेव्हा हा त्रास पूर्ण थांबला. टेबलावरचा तारेचा जुना बल्बही मी काढला, कारण असे बल्ब दृश्य प्रकाशापेक्षा कितीतरी अधिक इन्फ्रारेड फेकतात. एलईडी दिव्याचा असा उपद्रव जवळजवळ होत नाही.

चौथ्या महिन्यात दुसरी तक्रार सुरू झाली. आता दृश्य उडत नव्हते, ते थिजत होते, आणि तेही डावीकडे मान वळवल्यावरच, म्हणजे नेमके ज्या वळणासाठी हा संच घेतला त्याच वळणात. उजवीकडे पाहताना काहीही अडचण नव्हती. पहिला संशय साहजिकच क्लिपच्या जागेवर गेला: क्लिप डाव्या कानावर असल्यामुळे मान डावीकडे फार वळली की ती डोक्याआड जाते. कॅमेरा थोडा डावीकडे सरकवूनही फरक पडेना. मग संशय यूएसबीवर गेला. वीज वाचवण्यासाठी विंडोज यूएसबी उपकरणांना मधूनच झोपवते. ती सोय पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन बंद केली आणि कॅमेऱ्याची वायर हबमधून काढून थेट संगणकाला जोडली. तरीही थिजणे चालूच राहिले. एवढे लक्षात आले की कॅमेऱ्याची जोडणी तुटत असती तर विंडोजचा तो परिचित सूचक आवाज आला असता, आणि तो येत नव्हता.

शेवटी पुन्हा त्या कॅमेरा-दृश्याच्या खिडकीकडेच वळलो आणि मान अगदी सावकाश डावीकडे नेत ठिपके कसे जातात ते पाहत राहिलो. क्लिप डोक्याआड जात असेल तर ठिपके एकामागून एक मावळतात. माझे तिन्ही ठिपके एकदम विझले आणि मान दोन अंश मागे आणताच एकदम उजळले. याचा अर्थ एकच होता: क्लिपला जाणारी वीज तुटत होती. इन्फ्रारेड डोळ्यांना दिसत नाही, पण फोनच्या कॅमेऱ्याला बहुधा दिसतो, विशेषतः समोरच्या कॅमेऱ्याला, कारण मागच्या कॅमेऱ्यावर बरेचदा अधिक कडक गाळणी असते. फोन क्लिपसमोर धरला आणि वायर क्लिपमध्ये जिथे शिरते तिथे बोटाने हळूच वाकवली. फोनच्या पडद्यावरचे तीन जांभळट ठिपके गेले, आले, पुन्हा गेले. वायर त्या जागी आतून तुटली होती. वरचे आवरण मात्र अगदी धड होते. माझा संगणक उजवीकडे असल्यामुळे मान डावीकडे वळली की वायरला ताण बसायचा आणि तुटलेली टोके वेगळी व्हायची.

या संचातील खरा दोष हाच आहे असे मला ठामपणे वाटते. जी वायर दर काही सेकंदांनी डोक्याबरोबर हलणार आहे ती इतकी बारीक आणि शिरण्याच्या जागी रबरी आधाराशिवाय ठेवणे ही आखणीतली चूक आहे. कंपनीच्या सेवाविभागाने दोन दिवसांत उत्तर दिले, पण त्यात पुन्हा सॉफ्टवेअर इन्स्टॉल करण्याचाच सल्ला होता. तिन्ही ठिपके एकदम विझतानाचे चित्रीकरण पाठवल्यावर मात्र पुढे एकही प्रश्न न विचारता त्यांनी हमीखाली नवी क्लिप दिली, हेही नोंदवायला हवे.

कॅमेऱ्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही. तो सेकंदाला 60 चित्रे देतो आणि हालचाल सलग वाटते. सॉफ्टवेअरमधील मूळ वक्र मात्र फार उतावळा आहे. वक्र म्हणजे मान किती वळल्यावर दृश्य किती वळावे याचे प्रमाण. मध्याजवळच हे प्रमाण मोठे असल्यामुळे श्वास घेतला तरी पॅनेलवरचे आकडे थरथरतात. स्मूदिंग, म्हणजे हालचाल गुळगुळीत करण्याची सोय, वाढवले तर थरथर जाते, पण दृश्य मानेच्या मागून रेंगाळत येते आणि थोड्या वेळाने अस्वस्थ वाटू लागते. मी मध्याभोवती सुमारे 3 अंशांचा निश्चल पट्टा ठेवला, त्यापुढे वक्र हळूहळू चढता केला आणि मान 35 अंश वळली की दृश्य 150 अंश वळेल असे जमवले. मगच स्मूदिंग अगदी कमी ठेवणे शक्य झाले. मान वळवताना ती नकळत थोडी कलतेही आणि क्षितिज तिरपे दिसते, म्हणून डोके खांद्याकडे कलण्याचा अक्ष मी पूर्ण बंद केला आहे.

आणखी एक गोष्ट पुस्तिकेत असायला हवी होती. ट्रॅकरच्या खिडकीत आकृती हलते आहे पण खेळात दृश्य ढिम्म आहे, असे झाले तर खेळ अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालू आहे का ते पाहावे. तसे असेल तर ट्रॅकरही त्याच अधिकाराने चालवावा लागतो. सोबतच्या सॉफ्टवेअरवर शंका असल्यास ओपनट्रॅक हे मोफत, मुक्त स्रोत सॉफ्टवेअर लावून पाहावे. ट्रॅकआयआर (याच पद्धतीचा एक प्रसिद्ध हेड ट्रॅकर) चालणारे बहुतेक खेळ त्याचीही माहिती वाचतात, आणि दोष वस्तूत आहे की सॉफ्टवेअरमध्ये हे दहा मिनिटांत कळते.

ज्यांना डोक्यावर वायर नकोच, त्यांना साध्या वेबकॅमने चेहरा टिपण्याचा पर्याय आहे, पण मंद प्रकाशात वेबकॅम एक्स्पोजर लांबवतो, चित्रांची गती घटते आणि दृश्य अडखळते. मी बहुतेक वेळा रात्री उडतो, त्यामुळे माझ्यासाठी हाच संच योग्य आहे, आणि खोलीतला प्रकाश ज्यांच्या हातात आहे त्यांना मी तो घ्यावा असेच सांगेन. नवी क्लिप लावताना वायरचा एक सैल वेढा हेडफोनच्या पट्टीला वेल्क्रोने बांधला आणि पुढे एक मीटरची जोडवायर दिली, जेणेकरून ताण वेल्क्रोवर येईल, क्लिपवर येणार नाही. त्याला आता तीन महिने झाले आणि डावीकडच्या शेवटच्या वळणात ठिपके एकदाही विझलेले नाहीत.