जसवंतगड, तवांग रस्ता: चहापुरतं थांबू नका

अरुणाचल प्रदेशात दिरांगहून तवांगला जाताना सेला खिंड उतरली की साधारण वीस किलोमीटरवर, हमरस्त्याला लागूनच जसवंतगड लागतं. सहलीच्या गाड्या इथे जेमतेम पंधरा मिनिटं थांबतात. लष्कराचा मोफत चहा, एखादा फोटो आणि निघा. म्हणून टूरवाल्याला आणि चालकाला आदल्या रात्रीच बजावून ठेवा, इथे पूर्ण एक तास हवा. या जागेला तेवढा वेळ द्यायलाच हवा.

हे स्मारक रायफलमन जसवंतसिंह रावत यांचं. 4 गढवाल रायफल्सचा हा जवान 17 नोव्हेंबर 1962 रोजी चीनविरुद्धच्या युद्धात, नूरानांगच्या लढाईत शहीद झाला, तेव्हा वय अवघं 21. मरणोत्तर महावीर चक्र. आत गेल्यावर आधी त्यांची खोली पाहा. नीट अंथरलेला पलंग, गणवेश, पॉलिश केलेले बूट. इथल्या जवानांसाठी ते आजही ड्यूटीवर आहेत. पहाटे साडेचारला चहा, नऊला नाश्ता, संध्याकाळी सातला जेवण असा त्यांचा दिनक्रम पाळला जातो. जवान त्यांना ‘बाबा’ म्हणतात आणि इथे सलाम केल्याशिवाय पुढे जात नाहीत. खोलीपाशी आवाज खाली ठेवा, टोपी-गॉगल काढा, सेल्फीचा मोह आवरा.

चालकाकडून जी गोष्ट कानावर पडते ती बहुतेक वेळा 72 तासांची असते: एकट्या जसवंतसिंहांनी तीन दिवस ठाणं लढवलं, सेला आणि नूरा या दोन मोनपा (इथली स्थानिक जमात) मुलींनी साथ दिली. या भागातली ती लोकश्रद्धा आहे, मान ठेवूनच ऐकावी. पण तेवढीच ऐकून परतलात तर दोन नावं निसटतात: लान्सनायक त्रिलोकसिंह नेगी आणि रायफलमन गोपालसिंह गुसाईं. चिनी सैन्यानं एक मीडियम मशीनगन आपल्या मोर्च्याच्या अगदी जवळ आणून लावली होती. ती हिसकावायला हे तिघे स्वतःहून पुढे झाले. त्रिलोकसिंहांच्या गोळीबाराच्या आडोशानं जसवंत आणि गोपाल सरपटत ग्रेनेडच्या टप्प्यात पोहोचले, ग्रेनेड टाकले आणि मशीनगन ओढून घेतली. परत येताना जसवंत आणि त्रिलोक पडले. जबर जखमी झालेले गोपालसिंह ती गन घेऊन आपल्या खंदकापर्यंत पोहोचले. त्रिलोक आणि गोपाल या दोघांना वीर चक्र मिळालं. सोबत मुलं असतील तर ही तीन नावं त्यांना तिथेच उभं करून सांगा. आमच्या मते गोष्टीचा खरा जोर या तिघांच्या एकजुटीत आहे.

मग बंकर पाहा. आत वाकून शिरावं लागतं, सावकाश शिरा. भोकातून समोरच्या उतारावर नजर टाकली की शत्रूच्या मशीनगनपर्यंत सरपटत जाणं म्हणजे काय, ते शब्दांशिवाय कळतं.

आता उंचीचं. दिरांग साधारण 5,000 फुटांवर, सेला 13,700 फुटांवर. एका सकाळीत एवढं चढल्यावर डोकं दुखणं, मळमळणं स्वाभाविक आहे. मार्च 2024 पासून सेला बोगदा सुरू झाल्यामुळे बर्फात अडकण्याची भीती कमी झाली, पण बोगदाही जवळपास 13,000 फुटांवर आहे, त्यामुळे विरळ हवेपासून सुटका नाही. शिवाय बोगद्यातून गेलात तर खिंडीवरचं सेला तळं चुकतं. आकाश मोकळं असेल तर जाताना वरून जा, येताना बोगदा धरा. जसवंतगड सेल्यापेक्षा बरंच खाली असल्यानं तिथे श्वास जरा सुटा होतो. तरी गाडीतून उतरल्या उतरल्या पायऱ्यांवर धावू नका. आधी गरम चहा घ्या, पाच मिनिटं बसा, मग वर चढा. ज्येष्ठांसोबत असाल तर हे नक्की पाळा.

दिरांगहून सकाळी सातच्या आत निघा. दुपारनंतर सेल्यावर धुकं उतरतं, आणि हिवाळ्यात इकडे साडेचार-पाचलाच अंधार पडतो. कानटोपी आणि वाऱ्याचं जाकीट डिकीत टाकू नका, हाताशी ठेवा. फोनचं नेटवर्क बेभरवशाचं, म्हणून खाण्यापिण्यासाठी सुटे पैसे आणि इनर लाइन परमिटची (अरुणाचलात शिरायला लागणारा परवाना) छापील प्रत जवळ असू द्या. लष्करी गाड्यांचा ताफा आला तर चालकाला बाजूला थांबू द्या, घाई करायला लावू नका. तळ किंवा चौकी दिसेल तिथे कॅमेरा खाली.

पुढे उतरताना जंगजवळ फाट्यानं आत वळलं की नूरानांग धबधबा लागतो, सुमारे 100 मीटर उंचीचा. लढाईला नूरानांगचं नाव आहे, ते याच पाण्याचं. स्मारक पाहून मगच तिथे जा.