ओपनएसएसएचचा 22 नंबर पोर्ट बदलून अख्खा पावसाळा वापरला, त्याचा अनुभव

तारकर्लीला आमचा छोटा होमस्टे आहे. बुकिंगचं पेज आणि हिशोब भाड्याच्या लिनक्स सर्व्हरवर ठेवलाय, उबुंटू 24.04, आणि त्यात घरून शिरायला ओपनएसएसएच, म्हणजे दूरच्या सर्व्हरवर सुरक्षितपणे लॉगिन करायचं सॉफ्टवेअर. ते मुळात सर्व्हरच्या 22 नंबरच्या पोर्टवर, म्हणजे दारावर, बसलेलं असतं. जूनमध्ये खोल्या रिकाम्या, पाऊस धो धो, म्हणून एकदा निवांत लॉग (कोण कधी लॉगिन करायला आलं त्याची नोंद) उघडला तर अंगावर काटाच आला. फेल्ड पासवर्ड, फेल्ड पासवर्ड, परत फेल्ड पासवर्ड, कधी रूट (सर्व्हरचं सर्वाधिकार असलेलं खातं) कधी अॅडमिन कधी टेस्ट, ओळी संपता संपेनात. पुण्यात आयटीत असलेल्या भाच्याला फोन लावला तर म्हणाला हे बॉट, म्हणजे आपोआप चालणारे प्रोग्रॅम आहेत, सगळ्या जगाचा 22 नंबर चाचपत फिरतात, तुमच्यावर डोळा ठेवून कोणी बसलेलं नाय.

हा 22 आला कुठून ते पण त्यानेच सांगितलं, 1995 साली फिनलंडच्या तातू यलोनेनने एसएसएच बनवलं तेव्हा 21 वर एफटीपी (फाईल पाठवायची जुनी पद्धत) आणि 23 वर टेलनेट (दूरून लॉगिनची जुनी पद्धत) बसलेलं, मधला नंबर मोकळा होता तो त्याने मागून घेतला. मला हे फार आवडलं.

बदलायचं काम तसं एका ओळीचं. एसएसएचडी कॉन्फिग, म्हणजे ओपनएसएसएचच्या सेटिंगच्या फाईलमध्ये पोर्ट 22 च्या पुढचा हॅश (#) काढायचा, आपला नंबर टाकायचा. नंबर शक्यतो 1024 च्या खालचाच घ्या, तिथे फक्त रूटच सर्व्हिस बसवू शकतो. मी बदलला, एसएसएच रिस्टार्ट केलं, आणि काहीच झालं नाही, सर्व्हर 22 वरच! नव्या उबुंटूत पोर्ट सिस्टिमडीचं (सर्व्हिस सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमचं) सॉकेट धरून ठेवतं, त्यामुळे आधी डीमन-रीलोड (त्याला सेटिंग परत वाचायला लावणं) आणि मग एसएसएच डॉट सॉकेट रिस्टार्ट करावं लागतं. ते केल्यावर दुसऱ्या विंडोतून लॉगिन करून बघितलं तर नुसतं अडकून बसलं, शेवटी टाईमआउट. घाम फुटला. भाचा फोनवर सारखा ओरडत होता, "मामा, जुनी विंडो बंद करू नकात हां!" ती चालू होती म्हणून वाचलो, कारण आधी झालेलं कनेक्शन तुटत नाही. सर्व्हरवर यूएफडब्ल्यूमध्ये (उबुंटूच्या फायरवॉलमध्ये) नवा पोर्ट उघडला होता पण सर्व्हर भाड्याने देणाऱ्या कंपनीच्या पॅनेलमध्ये वेगळी फायरवॉल असते हे कंपनीने कुठेच धड लिहिलेलं नाही, सपोर्टचं उत्तर दुसऱ्या दिवशी दुपारी आलं, तोवर आम्हीच शोधून काढलं. याचा राग अजून आहे.

दुसऱ्या दिवशीचा लॉग मात्र बघण्यासारखा होता. माझी स्वतःची दोन लॉगिन, बस. आता कोणी खरंच दार ठोठावलं तर लगेच नजरेत येतं, माझ्यासाठी हाच सगळ्यात मोठा फायदा. पण याला कुलूप समजू नका, पोर्ट स्कॅन केला की नवा नंबर सापडतोच. आम्ही की (पासवर्डऐवजी वापरायची डिजिटल किल्ली) बनवून पासवर्ड लॉगिन बंद केलं, खरी सुरक्षा ती.

ओपनएसएसएचला पाचपैकी पाच स्टार, फुकट आहे आणि पूर्ण पावसाळ्यात एकदाही दगा दिला नाही. पोर्ट बदलण्याला चार. एक कापला कारण जुना नंबर जिथे जिथे लिहिलाय ते आपणच शोधायचं, आमचं रात्रीचं बॅकअप तीन दिवस बंद होतं, एससीपीला (एसएसएचवरून फाईल पाठवायच्या कमांडला) पोर्ट द्यायचा तर कॅपिटल पी लागतो आणि एसएसएचला स्मॉल.