उद्यमबागेतलं पत्राकाम: जुन्या पद्मिनीचे सिल आणि फ्लोअर

बेळगावच्या उद्यमबागेत, फाउंड्री आणि मशीन शॉपच्या आतल्या गल्लीत पत्र्याच्या शेडमधलं एक गॅरेज आहे. नव्या गाड्यांचं डेंटिंग-पेंटिंग तिथं रोज चालतं. खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या जुन्या प्रीमियर पद्मिनी आणि अँबेसिडर गाड्या मात्र तिथं गंजाच्या कामासाठी येतात. इथं लिहिलंय ते तेवढ्याच कामाबद्दल: एका पद्मिनीचे दोन्ही सिल (दाराखालची पत्र्याची लांब पोकळ पेटी), पुढचा फ्लोअर आणि मागच्या चाकांच्या कमानी. कापणं आणि वेल्डिंग अव्वल आहे. बंद पोकळीच्या आतलं काम मात्र आपणच सांगून, उभं राहून करून घ्यावं लागतं.

पद्मिनीला वेगळी चासी नाही, सगळा भार बॉडीच्या पत्र्यावरच. त्यामुळे दाराखालचा सिल गंजला की गाडीचा कणाच ढिला होतो. दार उचलून लावावं लागत असेल तर दरवेळी दोष बिजागरीचाच नसतो. जांबोटी, कणकुंबीकडच्या पावसात तांबडी माती चाकाच्या कमानीत थापून बसते आणि सिलच्या खालची पाणी जायची भोकं बुजवते. मग पत्रा आतून खाल्ला जातो. बाहेर रंगाला पहिला फोड येईपर्यंत आत चाळण झालेली असते.

या गॅरेजची पहिली चांगली गोष्ट म्हणजे बाहेरून बघून कोणी आकडा सांगत नाही. सीट, रबरी मॅट, दाराच्या पायऱ्यांच्या पट्ट्या काढतात, फ्लोअरवरची डांबरी शीट खरवडतात आणि टोच्याने इंचाइंचावर ठोकतात. आवाज बसका आला किंवा टोच्या आत गेला की तिथं खडूची खूण. आधीच्या मालकाने भरलेली लांबी (पुट्टी) शोधायला फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक फिरवतात. चुंबक धरत नाही तिथं खाली पत्राच नाही किंवा लांबीचा जाड थर आहे. मिस्त्रींचं म्हणणं एवढंच असतं: "मालक, रंगाचं नंतर बघूया की, आधी पोट बघू."

कापण्याआधीची तयारी इथं कोणी टाळत नाही, आणि बाकी ठिकाणी नेमकी तीच टाळली जाते. पेट्रोलची टाकी उतरवतात, बॅटरी सोडतात, वायरिंग बाजूला घेतात. मग दाराच्या चौकटीत आडवा आणि तिरका चौकोनी पाइप तात्पुरत्या टाक्यांनी जोडतात. गाडी चार स्टँडवर पातळीत घेऊन चौकटीची तिरकी मापं दोन्ही बाजूंनी लिहून ठेवतात. एका वेळी एकच सिल कापायचा, तो पूर्ण जोडून दार लावून बघायचं, मग दुसरी बाजू. दोन्ही सिल एकदम कापले की गाडी मधून बसते, दाराच्या फटी खाली-वर होतात आणि त्या नंतर लांबीने लपवाव्या लागतात. अशा गाड्या या भागात कमी नाहीत.

पत्रा सीआरसीए, म्हणजे थंड लाटलेला पोलादी, वापरतात. बाहेरच्या भागाला 20 गेज, म्हणजे साधारण 0.9 मिमी, फ्लोअर आणि सिलच्या आतल्या पट्टीला 18 गेज, 1.2 मिमी. जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला) पत्रा लावा म्हणून गिऱ्हाईक हट्ट धरतं, पण वेल्डिंगच्या जागी जस्त जळतं, टाक्यात बुडबुडे राहतात आणि तो धूर फुफ्फुसाला वाईट. ते नाही म्हणतात, बरोबर करतात. उद्यमबागेत शिअरिंग आणि बेंडिंग प्रेस हाकेच्या अंतरावर आहेत, म्हणून सिलचा सरळ भाग तयार पार्टची वाट न बघता इथंच वाकवून मिळतो. कमानीची गोलाई मात्र हातोडा-डॉलीवर (डॉली म्हणजे पत्र्यामागे धरायचा लोखंडी ठोकळा) काढावी लागते, आणि तिथं वेळ जातो.

गंजाच्या कडेपासून निदान 25 मिमी पुढे, चकचकीत पत्रा लागेपर्यंत कापतात. जोड कडेला कड लावून, मध्ये पत्र्याच्या जाडीएवढी फट ठेवून. जुन्यावर नवा पत्रा चढवून ठिगळ लावलं की दोन पत्र्यांच्या मध्ये पाणी धरतं आणि नव्या ठिगळाची कड दोन-तीन पावसाळ्यांत फुगते. सीओटू वेल्डिंगला (मिग वेल्डिंगला इथं हेच नाव) 0.8 मिमी तार, आर्गन मिसळलेला गॅस. नुसत्या सीओटूवर वेल्डिंगची ठिणगी (आर्क) जास्त तापते, शिंतोडे उडतात आणि पातळ पत्र्याला भोक पडतं. टाका एकेक, 25 ते 30 मिमी सोडून, एकदा या टोकाला तर एकदा त्या टोकाला. मधला पत्रा हाताला कोमट लागेपर्यंत थांबायचं. सलग रेघ ओढली की पत्रा ताणतो आणि दाबल्यावर टणटण वाजतो. तो परत बसवणं मूळ कामापेक्षा अवघड. सिलचा कंगोरा जिथं कारखान्यात स्पॉट वेल्ड होता तिथं 6 मिमी भोकं पाडून ती भरून घेतात. त्याआधी दोन्ही पत्र्यांच्या मध्ये जस्ताचा प्रायमर मारला होता का, ते विचारा. सांगितलं तर मारतात, नाहीतर राहतो.

गॅस वेल्डिंग म्हणजे जुनाट, असं मात्र समजू नका. मडगार्डसारख्या उघड्या, दोन्ही बाजूंनी हात जाणाऱ्या पत्र्यावर गॅसचा जोड मऊ राहतो, ठोकून सपाट करता येतो आणि लांबी जवळजवळ लागत नाही. सीओटूचा टाका कडक, तो घासावाच लागतो, आणि ग्राइंडर जरा जास्त फिरला की शेजारचा पत्रा कागदाएवढा उरतो. या गॅरेजमधले एक वयस्कर मिस्त्री मडगार्ड आणि बोनेट अजून गॅसवरच करतात. तुमचं काम त्यांच्या हातात जाणार असेल तर थोडं थांबायला हरकत नाही.

बिजागऱ्या, सीटच्या पट्ट्या, बोल्ट यांचा गंज काढायला इथं मळीची टाकी आहे. ऊसपट्ट्यातलं गॅरेज, दुसरं काय असणार! एक भाग मळी, नऊ भाग पाणी, आणि एक ते दोन आठवडे बुडवून ठेवायचं. गंज सुटतो, चांगलं लोखंड शाबूत राहतं. वास मात्र डोकं उठवतो. अॅल्युमिनियम आणि जस्ताचा मुलामा असलेले पार्ट त्यात टाकायचे नाहीत, ते खाल्ले जातात. बाहेर काढल्यावर धुऊन लगेच वाळवून प्रायमर मारला नाही तर तासाभरात पिवळी झाक चढते.

आता उणिवा. पहिली, उघड्या पत्र्यावर इपॉक्सी प्रायमर आपण आणून दिला तर मारतात, नाहीतर सवयीने रेडऑक्साइड प्रायमर. रेडऑक्साइडमधून ओल आत जाते. इपॉक्सीचे दोन हात आणि त्यावर लांबी, तीही 2 ते 3 मिमीच्या आत, हा क्रम लिहून घ्या. गंज बदलणारं फॉस्फरिक ॲसिड खड्डे पडलेल्या पत्र्याला चालतं, पण पापुद्रे तसेच ठेवून त्यावर मारलं तर वाया. धुतलं नाही तर वरचा रंग सुटतो. दुसरी उणीव मोठी: सिलच्या आत काहीच मारत नाहीत. वेल्डिंगच्या पाठीमागचा जळका पत्रा उघडाच राहतो आणि गंज तिथूनच पुन्हा सुरू होतो. रंगानंतर लांब नळीच्या नोझलने आत कॅव्हिटी वॅक्स (पोकळीत मारायचं गंजरोधक मेण) फवारायला लावा, नोझल आत घालून फिरवत बाहेर काढायची, खालच्या भोकातून वॅक्स ठिबकेपर्यंत. जळकं इंजिन ऑइल ओतायचा जुना उपाय सुचवतील; त्यात आम्ल असतं आणि रबर फुगतं. नको म्हणा. फ्लोअरखाली डांबरी कोटिंग मारायचं तर जोडांना सीलर लागल्यावर, कोरड्या पत्र्यावरच. ओल्या गंजावरचं कोटिंग पाणी आत कोंडून ठेवतं.

ताब्यात घेताना काचेखालच्या जाळीत बादलीभर पाणी ओता आणि ते कुठून बाहेर येतं ते खाली वाकून बघा. प्रत्येक भोकातून धार यायला हवी आणि आतला फ्लोअर कोरडा राहायला हवा. पुढच्या सीटखाली ओल दिसली तर गाडी तिथंच ठेवा.

बिल मजुरीच्या दिवसांवर होतं, त्यामुळे खर्चाचा अंदाज हलतो. कापलेले तुकडे जपून ठेवायला सांगा आणि प्रत्येक टप्प्याचे फोटो व्हॉट्सॲपवर मागा, ते देतात. चासी नंबर जिथं ठोकलेला आहे तो पत्रा कापायचा नाही, त्यावर लांबीही नको, आरटीओत त्याचा नंतर त्रास होतो. गाडी 50 वर्षांपुढची असेल आणि 2021 च्या नियमांनुसार व्हिंटेज नोंदणी घ्यायची असेल तर मूळ आकार बदलेल असं काही करू नका. रंग बदलणार असाल तर तोही आरसी बुकावर चढवावा लागतो.

गाडी लावायची ती जानेवारी-फेब्रुवारीत. गणपती-दसऱ्यासाठी म्हणून श्रावणात घेऊन येणारे बरेच, आणि बेळगावची झड तेव्हा दिवसचे दिवस थांबत नाही. दमट हवेत उघडा पत्रा रात्रीत तांबूस होतो, थिनर उडताना रंगावर पांढुरकी झाक येते. मेच्या अखेरीस रंगाचा शेवटचा हात झाला नसेल तर ऑक्टोबरपर्यंत गाडी इपॉक्सी प्रायमरवरच शेडमध्ये ठेवायला सांगा. मिस्त्री स्वतःहून तसं म्हणणार नाहीत, कारण शेडमधली जागा अडते.