पीजीटी-एम डोळे झाकून घ्या, पण सोबतचं 'स्कोअर रिपोर्ट' पॅकेज नको

आम्ही दोघंही थॅलेसेमिया या रक्ताच्या आजाराचे कॅरिअर (सदोष जीन अंगात, पण स्वतःला आजार नाही), म्हणजे दर गरोदरपणात बाळाला थॅलेसेमिया मेजर व्हायची शक्यता २५ टक्के, म्हणून आयव्हीएफसोबत पीजीटी-एम (गर्भाशयात सोडण्याआधी भ्रूणाची एका ठरावीक आनुवंशिक आजारासाठीची तपासणी) घेतलं. हा भाग एकदम चोख. पाचव्या-सहाव्या दिवशी भ्रूणाच्या बाहेरच्या थरातून (ज्याची पुढे वार बनते) मोजक्याच पेशी काढतात, भ्रूण फ्रीझ करतात आणि ठरलेला एकच जीन तपासतात. १०० टक्के खात्री नसते, गरोदरपणात परत टेस्ट करून घ्या, हे काउन्सेलरनी न विचारता सांगितलं. जन्मभर रक्त चढवत राहायचं दुखणं टाळायचं, यात मला काहीच चूक वाटत नाही.

राग आहे तो त्या 'स्कोअर रिपोर्ट'चा, म्हणजे पॉलिजेनिक स्कोअरचा. डायबेटिस, हार्ट, स्किझोफ्रेनिया आणि वर उंची न् आयक्यू पण, हजारो जीन्सचे बारीक बारीक परिणाम बेरीज करून काढलेला अंदाज, आणि त्यावरून भ्रूणांना चक्क पहिला दुसरा तिसरा नंबर. माहितीपत्रकात लिहितात धोका निम्मा, पण १०० मधल्या एकाचा २०० मधला एक झाला तरी निम्माच म्हणणार ना! २०१९ च्या एका अभ्यासात हिशोब मांडलाय, दहा भ्रूणांतून सगळ्यात वरचं निवडलं तरी सरासरीपेक्षा उंची साधारण अडीच सेंटीमीटर आणि आयक्यू अडीच पॉइंट जास्त, बस. आणि दहा भ्रूणं असतात कितीजणांकडे? डेटाही बहुतेक युरोपियन वंशाच्या लोकांचा, त्यामुळे बाकीच्यांसाठी अंदाज अजूनच कच्चा.

पण समजा उद्या आकडे पक्के झाले, तरी मला हे नकोच. थॅलेसेमियाच्या टेस्टमध्ये आपण बाळाचा त्रास बघतो, इथे निरोगी भ्रूणांची आपसात स्पर्धा लावतो. 'हुशार' म्हणून निवडलेलं पोर अभ्यासात साधारण निघालं तर घरात त्याच्याकडे कुठल्या नजरेनं बघतील? आणि पुढे त्याला काही आजार झालाच तर दोष आईबापाच्या माथी, रिपोर्ट हातात असून हेच का निवडलं म्हणून. सल्ला द्यायला बसलेल्या माणसानं यावर एक अक्षर काढलं नाही, वर 'हल्ली सगळेच घेतात' म्हणे.

पीजीटी-एमला पाच स्टार, स्कोअरला एक. घ्यायचाच असेल तर सही करण्याआधी प्रत्येक आजाराचा धोका 'किती टक्क्यांवरून किती टक्के' असा लेखी मागा, आणि आयक्यूचं पान काढून टाकायला सांगा.